कोऱ्या मांजरपाटातून आलेली हवा

यंदा माघ उलटता उलटता हुबळीतल्या आमच्या दाजीबानपेठेतला रस्ता पुन्हा खणला. कशासाठी, ते कुणालाच ठाऊक नाही. भांडीवाला म्हणतो पाण्याचे पाइप, पानवाला म्हणतो टेलिफोनच्या केबली, आणि खणणाऱ्यालाच विचारलं तर तो कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकून म्हणाला, "खणा म्हणालेत, खणतोय." बारा वर्षांपूर्वी याच दिवसांत हाच रस्ता असाच खणला होता आणि तेव्हाही कारण कळलं नव्हतं. मला दाट संशय आहे की मागच्या वेळी खाली काहीतरी विसरून राहिलं असावं, ते काढायला हे आलेत.

मी वाढवून सांगतो अशी पेठेत माझी ख्याती आहे. ती खोटी आहे. मी उलट बरंच कमी करून सांगतो, कारण झालं तेवढं सगळं सांगितलं तर लोक चहा अर्धा टाकून उठून जातात. आता हेच बघा. बारा वर्षांपूर्वीच्या त्या फाल्गुनात धूळ इतकी होती की समोरच्या भांडीवाल्याला मी दोन महिने नुसत्या आवाजावरून ओळखत होतो. रस्ता भरला तेव्हा कळलं की मधल्या काळात त्यानं मिशा काढल्या होत्या. रेडिओवर असा थर बसला होता की माझी बायको सुधा त्यावर मेथी पेरायचं म्हणत होती. आमच्या माजघरातली पाल शिंकताना मी या डोळ्यांनी पाहिली आहे. शिंकली, भिंतीवरून सुटली, आणि खाली पडल्यावर इकडंतिकडं बघत राहिली, जणू दुसरंच कुणीतरी शिंकलं. हे ऐकून लोक हसतात. हसू देत. त्यांनी धूळ पाहिली, पाल पाहिली नाही.

यंदाची धूळ नाकात गेली आणि मला सगळ्यात आधी आठवला तो एक आवाज. कापडाचं ठाण गादीवर आपटून उलगडतानाचा. धप्, आणि मग फर्र करत पसरत जाणारं कापड. आमचं खाली दुकान, वर घर. माझ्या पणज्यानं मिरजेकडून येऊन इथं गादी घातली, तेव्हापासून लग्नसराई म्हणजे आमच्या घराला सुगी. माघ-फाल्गुनात दिवसभर खाली धप्-फर्र चालायचं आणि जेवताना पानाखालची फरशी हलायची. दुपारी साडेतीनला दुकानाच्या झरोक्यातून उन्हाची एक तिरीप आत यायची आणि ठाण आपटलं की त्या तिरिपेत पांढरा धूर उठायचा. आम्ही भावंडं लहानपणी त्यात हात घालून मुठी मिटायचो. माझे वडील, आप्पा, त्याला बरकत म्हणायचे. तिरिपेत धूर दाट, म्हणजे सीझन चांगला. हवेबद्दल आमच्या घराण्यात तोवर झालेला विचार एवढाच.

आणि मग त्या वर्षी अक्का खोकायला लागली.

अक्का माझी थोरली बहीण. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. इथल्याच मराठी शाळेत शिकवायची, अजूनही शिकवते. घरी आली की आधी माझ्या कालच्या गोष्टीतली खोटी वाक्यं दुरुस्त करायची आणि मग पोरांच्या वह्यांकडं वळायची. तिची खोली माडीवर रस्त्याच्या बाजूला. शेजारी ठाणांची खोली, म्हणजे खाली मावत नाही तो माल ठेवायची जागा. मधे लाकडी पार्टिशन, वर हातभर मोकळं. पहिल्यांदा खोकला आला तेव्हा आम्ही म्हटलं रस्त्याची धूळ. मग ती जिन्यात मधेच थांबायला लागली. सातव्या पायरीवर थांबून, कठड्याला धरून, काहीतरी विसरल्यासारखं तोंड करायची. छातीतून बारीक शीळ यायची. मी एरवी पेठ डोक्यावर घेणारा माणूस, पण ती शीळ ऐकली की माझ्या तोंडचं वाक्य अर्ध्यावर राहायचं.

देशपांडे नगरातल्या डॉक्टरांनी तिची छाती, पाठ, पुन्हा छाती असं तपासलं आणि म्हणाले, "बाईंच्या घरातली हवा स्वच्छ पाहिजे. परदेशात त्याची मशिनं मिळतात. इथं अजून फारशी नाहीत, आणि असली तरी परवडायची नाहीत. तुम्ही आपलं काहीतरी करा."

काहीतरी करा. मी बाहेर आलो ते डोक्यात हे दोन शब्द घेऊन. घरातली हवा म्हणजे नक्की कुठली? बाहेरची हवा उंबरा ओलांडून आली की ती घरातली होते काय? आणि आमच्याकडं उंबऱ्यावर तर दुकान. मी तेव्हा एका गोष्टीनं फार गोंधळलो होतो, अजूनही गोंधळतो. कापड अंगठ्या-बोटात धरलं की त्याचं खरंखोटं कळतं; पीळ कळतो, वीण कळते, विकणारा किती लबाड आहे तेही कळतं. हवा अशी चिमटीत येत नाही. आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या चिमटीवर जगलेले लोक.

त्यात कलघटगीहून अण्णाचा फोन. अण्णा आमच्यात सगळ्यात थोरला. तिकडं त्याचा धान्याचा व्यापार, घरामागं आंबा-चिंचेची झाडं, आणि स्वभाव असा की निर्णय आधी आणि चौकशी नंतर. "पाडव्याला जीप घेऊन येतो," तो म्हणाला, "अक्काला घेऊन जातो. शाळेला राजीनामा लिहून ठेव म्हणावं. इथं मोकळी हवा आहे. तुमच्या त्या धुळीत तिला मारताय काय?"

आप्पांनी फोन खाली ठेवला आणि कुणालाच काही सांगितलं नाही. पण अण्णाचा आवाज तारेशिवायही हुबळीपर्यंत येतो, त्यामुळं सगळ्यांनी ऐकलं होतं. अक्का वह्या तपासत होती, तशीच तपासत राहिली. रात्रीच्या भाकरीला शेंगाचटणी वाढताना एवढंच म्हणाली, "चौथीची पोरं अजून भागाकारात अडकलीत. त्यांना मधेच सोडून जायचं म्हणजे बाकी काय उरणार?" आणि खोकली. पाडव्याला चार आठवडे होते. अक्का गेली असती तर चौथीचं जे व्हायचं ते झालं असतं, पण या घरात मला 'बाळ्या, पुरे' म्हणणारं कुणी उरलं नसतं, आणि तसा मी कुठंपर्यंत गेलो असतो याची मला आजही भीती वाटते.

मग मी बसप्पाकडं गेलो. बसप्पाचं गल्लीच्या तोंडाशी वाइंडिंगचं दुकान. जळालेली मोटर त्यानं नुसती हातात घेतली तरी ती लाजून फिरायला लागायची. (हे थोडं वाढवलंय.) त्यानं माझं सगळं ऐकलं, तंबाखू थुंकला आणि म्हणाला, "हे बगा, पिठाच्या गिरणीत काय करतात? नळीला कापडाची लांब पिशवी बांदतात की. हिट्टु ओळगं, गाळी होरगं. पीठ आत, हवा बाहेर. धूळ म्हंजे तरी काय, रस्त्याचं पीठच की."

मला वाटतं, परदेशातल्या त्या मशिनवाल्यांनाही कुणीतरी बसप्पाच भेटला असणार. आमच्या अडगळीत एका मेलेल्या कूलरचा पत्र्याचा खोका होता. बसप्पानं त्यात जुना एक्झॉस्ट पंखा बसवला, तोंड खोलीच्या बाजूला. रस्त्याच्या बाजूला लाकडी चौकट, तिच्यावर कापड ताणायचं. खोका अक्काच्या खिडकीत घट्ट बसवायचा, बाकीच्या फटी कागदानं बंद. बाहेरची हवा कापडातून गाळून आत येणार. हवा गाळायची ही कल्पना मला इतकी आवडली की मी दुसऱ्या दिवशी पेठेत सांगून टाकलं, आमच्याकडं मशीन येतंय, जहाजातून उतरलंय.

आता प्रश्न कापडाचा, आणि कापडाचा प्रश्न म्हटल्यावर आप्पा उठले. एरवी गादीवरून ते फक्त जेवायला आणि दिवाळीच्या पूजेला उठत. त्यांनी डोळे मिटून एकेक कापड चिमटीत धरलं. पहिल्यांदा निवडलं ते आमच्याकडचं सगळ्यात दाट पॉपलीन, चार पदरी. पंखा सुरू केला तशी मोटर कण्हायला लागली, जळका वास सुटला, आणि खोलीत हवेची झुळूक म्हणून आली नाही.

"गाळी बरूदिल्ल, सावकार," बसप्पा म्हणाला. "येणार नाही हवा. तिनं कापडातनं आत यायला पाहिजे, कापडाला धडकून परत घरी जायला नको."

"दाट कापडातनं धूळ येत नाही," आप्पा म्हणाले.

"हौदू, धूळ येत नाही. काहीच येत नाही."

सुधा तेव्हा आमच्या मिनीला कडेवर घेऊन उभी होती. मिनी रांगायची त्या वेळी. ती म्हणाली, "मामंजी, तुमचं एखादं जुनं धोतर लावलं तर? धुऊन धुऊन मऊ झालंय. वारा छान येईल त्यातनं."

आप्पांनी तिच्याकडं असं पाहिलं की जणू तिनं देवाला शिळा नैवेद्य दाखवायला सांगितलं. "लेकीच्या नाकाला मी जुनं धोतर बांधू?" ते म्हणाले. "घरात कापडाचं दुकान असताना?"

तिथं विषय संपला. शेवटी ठरलं कोरं मांजरपाट, एकपदरी. आणि कोरं म्हणजे कोरं. नव्या वस्तूला नवं कापड, त्याच्या कोपऱ्याला हळदकुंकू, आणि वापरायच्या आधी त्याला पाण्याचा थेंब लागता कामा नये; आमच्या घराण्याची ही रीत. बारशाच्या दुपट्यापासून गुढीच्या कापडापर्यंत सगळं असंच. कोरं कापड कडक असतं, चुरचुरतं, त्याला एक गोडसर पिठूळ वास असतो. तो वास आला की आप्पांचा चेहरा मोकळा व्हायचा. दुसऱ्या कुणाच्या घरी गरिबातल्या गरीब बाईनंही ते कापड आधी पाण्यातून काढलं असतं. आम्हाला सुचलं नाही. आम्ही कापडवाले.

अक्कानं स्वतः चौकटीच्या कोपऱ्याला कुंकू लावलं. पंखा सुरू झाला. हवा आली, आणि तिला नव्या कापडाचा वास होता. आप्पा पलंगाच्या कडेला बसून कितीतरी वेळ ती हवा तोंडावर घेत राहिले. त्यांनी अक्काला फार लाडानं वागवल्याचं मला आठवत नाही; त्या दिवशी मात्र ते तिला म्हणाले, "बघ, हुबळीत कुणाला अशी हवा मिळते काय."

चार दिवसांत खोकला दुप्पट झाला.

आता हा गोंधळ कसा सांगू? रस्त्याची धूळ बंद केली, खिडकीच्या फटी बंद केल्या, हवा गाळून घेतली, आणि अक्का बसून झोपायला लागली. पाचव्या दिवशी मी खोका उघडला. कापडाच्या बाहेरच्या बाजूला मुरमाचा तांबडा थर, अगदी हवा तसा. पठ्ठ्यानं आपलं काम चोख केलं होतं. पण खोक्याच्या आत, पंख्याच्या पात्यांवर आणि तळाला, पांढरी पूड. बोटावर घेतली तर तांदळाच्या पिठीसारखी मऊ. बाहेरची धूळ तांबडी; मग ही पांढरी कुठली?

सगळं घर खोक्याभोवती जमलं.

"खडू आहे," आप्पा म्हणाले. "शाळेतनं पदराला लावून आणतेस."

"मी काय खोक्यात बसून पदर झटकते, आप्पा?" अक्का म्हणाली, आणि हे एवढं बोलायला तिला दोनदा श्वास घ्यावा लागला.

सुधाचं मत राख, समोरच्या हॉटेलच्या भट्टीची. मी म्हटलं रस्त्याखाली चुनखडीचा डोंगर लागलाय, कुणी बोलत नाही एवढंच. बसप्पानं खोका सगळ्या बाजूंनी ठोकून पाहिला आणि जाहीर केलं, "मोटर सरी ऐति." मोटर ठीक आहे. त्या अख्ख्या महिन्यात खात्रीनं बोललेलं ते एकमेव वाक्य.

अक्का मात्र ती पूड चिमटीत धरून बसली होती. मग तिनं चौकट मागून घेतली. म्हणाली, असू दे माझ्या टेबलाशी, जरा बघते. खोका बंद करताना पत्र्यानं माझा अंगठा कापला आणि सुधा टिंक्चर आयोडीनची बाटली शोधत सगळं घर फिरली. बाटली सापडली अक्काच्या टेबलावर. मी म्हटलं, हिचंही बोट कापलं असेल. अंगठ्यावर टिंक्चर पडलं तेव्हा मी जे ओरडलो ते कलघटगीला ऐकू गेलं, असं अण्णा अजून म्हणतो. म्हणजे वाढवून सांगायची खोड नुसती माझ्यातच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापडाच्या कोपऱ्यात, कुंकवाच्या बोटाशेजारी, निळाकाळा डाग. रुपयाएवढा एक आणि बाजूला दोन-तीन ठिपके.

"दौत लवंडली माझ्याकडनं," अक्का म्हणाली. "आता धुवावंच लागेल की, आप्पा."

आप्पा डागाकडं पाहत राहिले. मग खाली वाकून त्यांनी कापड चिमटीत धरलं, चोळलं, नाकाशी नेलं. मला वाटलं कोरं कापड बाटवलं म्हणून आता घर डोक्यावर घेणार. ते म्हणाले, "धू." आणि जिना उतरून गेले.

अक्कानं बंबातलं कढत पाणी घेतलं. ते कापड तिनं तीन वेळा उकळत्या पाण्यात बुचकळून काढलं, आणि पहिलं पाणी पेजेसारखं पांढुरकं निघालं ते तिनं लगेच मोरीत ओतून दिलं. कापड वाळलं तेव्हा ते मांजरपाट राहिलंच नव्हतं. मऊ, सैल, अंगाला लागलं तर झोप यावी असं. डागाचा मागमूस नव्हता. ते खिडकीत ताणलं आणि पंखा लावला. त्या हवेला कसलाच वास नव्हता. इतकी वर्षं झाली, पण त्या दुपारची ती हवा मला आठवते ती अशीच, कशाचीच आठवण न देणारी. पाण्याला चव नसते तशी.

आणि त्याच आठवड्यात आप्पांच्या डोक्यात उंदीर शिरले. "वरच्या खोलीत उंदीर झालेत," ते म्हणाले. "सगळी ठाणं मागच्या बोळातल्या गोडाउनात हलवा." आमच्या घरात उंदीर मी पाहिला नाही, त्याची लेंडी पाहिली नाही, आणि मांजर तर कंटाळून शेजारी राहायला गेलेलं. पण भर लग्नसराईत धंदा सोडून आम्ही ठाणं हलवली. सातशे ठाणं मी एकट्यानं वाहिली. हमाल होते, नाही म्हणत नाही, पण ते माझ्या मागं होते. खोली रिकामी झाल्यावर आप्पांनी ती ओल्या फडक्यानं स्वतः पुसून काढली. वयाच्या सत्तरीत, गुडघ्यावर बसून. आम्ही म्हटलं, अहो आप्पा, राहू दे. ते म्हणाले, उंदरांचा काय भरवसा.

याच सुमारास डॉक्टरांनी औषध बदललं. याच सुमारास सुधानं अडुळशाचा काढा सुरू केला. याच सुमारास रस्त्याचे अर्धे खड्डे भरले, उरलेल्यांवर पाणी मारायला टँकर यायला लागला. आणि पाडव्याच्या सकाळी अण्णाची जीप आली तेव्हा अक्का गच्चीवर गुढी बांधत होती. वरून तिनं हाक मारली आणि खाली आली. मग अण्णाला गुढी दाखवायला पुन्हा वर गेली, सगळ्या पायऱ्या एका दमात. सातवी पायरी आली तशी गेली. अण्णा मागं राहिला आणि मधेच थांबून धापा टाकायला लागला. "ये की वर," अक्का वरून म्हणाली, "का तुलाच ठेवून घेऊ इथं हवापालटाला?" अण्णानं पुरणपोळ्या खाल्ल्या, संध्याकाळी चुरमुऱ्यांच्या गिरमिटावर लिंबू पिळून घेतलं, आणि राजीनाम्याचं नाव न काढता मोकळी जीप घेऊन परत गेला.

कशानं बरी झाली अक्का? घरातल्या प्रत्येकाकडं उत्तर होतं आणि दोघांचं जुळत नव्हतं. सुधा म्हणे काढा. बसप्पा म्हणे मोटर. डॉक्टर नुसते हसले. मी ते सगळं श्रेय उचलून पत्र्याच्या खोक्यावर ठेवलं आणि बारा वर्षं पेठेला सांगत आलो की आमचं मशीन बघायला बेळगावचे तीन डॉक्टर आले होते, त्यातल्या एकानं जाताना खोक्याला नमस्कार केला. हल्ली शोरूममध्ये हवा शुद्ध करायची खरीखुरी मशिनं दिसायला लागलीत, पांढरीशुभ्र, निळा दिवा लुकलुकणारी. मी त्यांच्यापुढं उभा राहतो आणि विक्रेत्याला विचारतो, "आत कापड कुठलं लावलंय?" त्याला सांगता येत नाही.

मग परवाची गोष्ट. बाहेर खणणं जोरात. मिनी आता सातवीत आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तिनं बटाट्याची चकती ठेवली होती, शेजारी भाताचं शीत, शेजारी खडूचा तुकडा, आणि हातात टिंक्चरची बाटली. शाळेचा प्रयोग. "बाबा, बघ," ती म्हणाली. बटाट्यावर थेंब पडला आणि निळाकाळा झाला. भातावर पडला, निळाकाळा झाला. खडूवर पडला आणि नुसता तपकिरी राहिला.

"पिष्टमय पदार्थ असला की निळं होतं," मिनी म्हणाली. "कांजीत, खळीत, कशातही."

मी तो निळा रंग ओळखला. कापडवाल्याची नजर आहे, एकदा पाहिलेली छटा विसरत नाही. आणि आठवत गेलं ते भलतंच. अक्का वह्या तपासायची त्या लाल शाईनं. निळी दौत तिच्या टेबलावर कधी नव्हतीच; होती ती टिंक्चरची बाटली.

म्हणजे ती पांढरी पूड खळ होती. आमच्या कोऱ्या कापडाला कडक करायला गिरणीत लावतात ती खळ. आम्ही अक्काच्या नाकासमोर ते कापड ताणून मागून पंखा लावला होता, आणि शेजारच्या खोलीत तसलीच शेकडो ठाणं रचून ठेवली होती. आप्पांची बरकत.

मी अक्काच्या खोलीत गेलो. ती वह्या तपासत होती. चौथीची पोरं अजून भागाकारातच आहेत. मी दार लोटून घेतलं आणि विचारलं, "अक्का, ती शाई नव्हती, होय ना?"

कुठली शाई, असं तिनं विचारलं नाही. पेनाला टोपण लावलं. "बारा वर्षं लागली तुला," ती म्हणाली.

"मग तेव्हा बोलली का नाहीस? सगळं घर गोंधळात."

"काय बोलू? आप्पांना सांगू, की तुम्ही ज्याच्यावर आम्हाला वाढवलंत त्यानं मला श्वास घेता येत नाही? त्यांनी दुसऱ्या दिवशी गादी गुंडाळली असती. किंवा गुंडाळली नसती, आणि ते मला जास्त कठीण गेलं असतं." तिनं वही मिटली. "कापड धुवायला काहीतरी निमित्त पाहिजे होतं. आणि हळू बोल, खाली ऐकू जातं. त्यांना यातलं काही सांगायचं नाही. तुझं तोंड मला माहीत आहे, बाळ्या. हे एक तरी पोटात ठेव."

मी खाली आलो. माझं डोकं खोक्यासारखं घुमत होतं. आप्पा ऐंशी ओलांडून गेलेत; गादीवर बसतात, विकत काही नाहीत, येणाऱ्याच्या सदऱ्याचं कापड चिमटीत धरून बघतात. दुकान रिकामं होतं. मला शपथ घालून दोन मिनिटंही झाली नव्हती. मी विचारलं, "आप्पा, शाईचा डाग मांजरपाटावरनं कशानं जातो हो?"

"जात नाही," आप्पा म्हणाले.

"अक्कानं तर घालवला होता. गरम पाण्यानं."

आप्पांनी तोंड रस्त्याकडं वळवलं. धुळीत काही दिसत नव्हतं. "साठ वर्षं कापड विकलं मी," ते म्हणाले. "शाई कशी पसरते, कशी बसते, मला कळत नाही होय? ती शाई नव्हती. काय होतं ते मला माहीत नाही, माझं शिक्षण तेवढं नाही. पण कापड चिमटीत धरलं आणि बोटाला पांढरं लागलं. तीच पूड."

"म्हणून उंदीर?"

"म्हणून उंदीर."

"मग तिला का नाही सांगितलं?"

"तिनं मला शाई म्हणून सांगितलं," आप्पा म्हणाले. "लेक बापासाठी खोटं बोलली. ते मी खोडून काढू?" त्यांनी माझ्या बाहीचं टोक चिमटीत धरलं, सोडलं. "अक्काला सांगू नकोस. तुझ्या पोटात काही राहत नाही."

तेव्हा हा असा मी, दुकान आणि माडी यांच्यामधल्या सातव्या पायरीवर उभा. वर एकीचं गुपित, खाली एकाचं, दोन्ही एकच, आणि त्या दोघांत मी एकटा असा की ज्याला बारा वर्षं काहीही ठाऊक नव्हतं आणि जो बारा वर्षं सगळ्यात जास्त बोलत होता. अक्का नक्की कशानं बरी झाली, हे मला आजही कळलेलं नाही. धुतलेल्या कापडानं, हलवलेल्या ठाणांनी, की काढ्यानं, की औषधानं? की दोन माणसांनी एकमेकांना न सांगता एकमेकांची हवा सांभाळली त्यानं? मला यातलं काहीच चिमटीत धरता येत नाही. बेळगावच्या डॉक्टरांनी खोक्याला नमस्कार केला, हे सांगणं त्यापेक्षा फार सोपं होतं.

काल संध्याकाळी मी अडगळीतून खोका काढला. अक्काला अजून काही त्रास नाही, पण धूळ बघता वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. बसप्पाच्या दुकानातून मोटरला तेल घालून आणलं. चौकट पुसली. कापड आणायला खाली निघालो, तर आप्पाच कठडा धरून एकेक पायरी वर येत होते. काखेत घडी केलेलं धोतर. जुनं, धुऊन धुऊन साईसारखं झालेलं.

"हे बांध," ते म्हणाले.

अक्कानं धोतराकडं पाहिलं. "कोरं नको काय, आप्पा?"

"कोरं विकायला असतं," आप्पा म्हणाले.

तिनं कुंकवाचं बोट चौकटीच्या कोपऱ्याला टेकवलं. आप्पांनी दुसरा कोपरा चिमटीत धरून ताण बघितला. दोघंही कापडाकडं पाहत होती, एकमेकांकडं कुणी पाहत नव्हतं. मी बटण दाबलं. धोतर एकदा आत ओढलं गेलं, मग जरा सैल होऊन तसंच थरथरत राहिलं, आणि त्यातून हवा यायला लागली, बिनवासाची.

अक्का खोकली नाही. आप्पाही खोकले नाहीत. मी मात्र बोलायच्या आधी खाकरतात तसा खोकलो, आणि दोघांनी एकदमच माझ्याकडं पाहिलं, खबरदार अशा नजरेनं.